जुन्या इंग्रजी घराचं वय ओळखायचं, तर आधी माळ्यावर चढा

केंट, ससेक्स किंवा सफकमधल्या खेड्यातलं घर समोरून पाहून त्याचा काळ ठरवू नका. अठराव्या शतकात अनेकांनी जुन्या ओकच्या सांगाड्यापुढे विटांची नवी भिंत चढवली, सारख्या अंतरावर खिडक्या बसवल्या. दर्शनी भाग जॉर्जियन (म्हणजे अठराव्या शतकातल्या इंग्रजी शैलीचा), आत पंधराव्या शतकातलं घर, असा प्रकार तिथे सर्रास सापडतो.

टॉर्च घ्या आणि घराच्या मधल्या भागावरचे वासे पाहा. ते काजळीने काळे असतील, तर खाली एके काळी छपरापर्यंत उघडा दिवाणखाना होता. जमिनीवरच आगटी पेटायची आणि धूर छपरातून वाट काढायचा. धुराडं आणि वरचा मजला बहुतेक ठिकाणी सोळाव्या-सतराव्या शतकात आले. फसगत होते ती इथेच: काळे आणि स्वच्छ वासे विस्कळीतपणे मिसळलेले असतील, किंवा काळी बाजू कुठेही वळलेली असेल, तर ते लाकूड दुसरीकडून आणून वापरलेलं असू शकतं.

मग खांब-तुळयांवरच्या रिकाम्या खाचा आणि खुंटीची भोकं टिपून घ्या. तिथे पूर्वी एखादी तुळई किंवा आडभिंत होती. (अशा खाचा पाहून ‘हे जहाजाचं लाकूड’ असं कुणी हमखास सांगेल, बहुतेक वेळा ती दंतकथाच.) सांध्यांजवळ सुताराने कोरलेले रोमन अंक क्रमाने लावा. सांगाडा आधी जमिनीवर जुळवून, खुणा करून मग उभा करत. त्यामुळे मधले अंक गायब असतील तर तिथला भाग पाडला किंवा बदलला गेल्याची शंका घ्यावी.

नेमकं साल हवं असेल तर वलयगणना, म्हणजे लाकडातली वाढीची वार्षिक वलयं मोजून-जुळवून काळ ठरवणं. ओक ओलाच वापरत, म्हणून तोडीचं साल आणि बांधकामाचं साल जवळजवळ असतं. नमुन्यात साधारण पन्नास तरी वलयं हवीत. झाडाच्या सालीलगतचं लाकूड तासलेलं असेल तर नेमकं साल हाती लागत नाही.

नमुन्यासाठी भोक पाडण्याआधी मात्र स्थानिक कौन्सिलच्या कॉन्झर्व्हेशन ऑफिसरला (जुन्या वास्तूंचं जतन पाहणाऱ्या अधिकाऱ्याला) विचारा. १९९० च्या कायद्यानुसार संरक्षित वास्तूंच्या सरकारी यादीतल्या इमारतीच्या स्वरूपावर परिणाम होईल असा बदल परवानगीशिवाय करणं हा गुन्हा आहे. या यादीतल्या जुन्या नोंदी पुष्कळदा रस्त्यावरून दिसलं तेवढ्यावरच लिहिलेल्या आहेत. नोंदीत माळ्याचा उल्लेख नसला, तरी संरक्षण आतल्या भागालाही असतं.