कार्बन क्रेडिटच्या करारावर सही करण्याआधी: कोकणातल्या खाजगी जंगलमालकांची तयारी

सातबारा काढाच, पण इतर हक्कांचा रकाना शेवटपर्यंत वाचा. महाराष्ट्र खाजगी वने संपादन कायद्याने 30 ऑगस्ट 1975 रोजी कित्येकांची जंगलं शासनाकडे गेली. तसा शेरा उताऱ्यावर असेल, तर आधी त्याचा निकाल लावा. बाकी सगळं नंतर. मग आठ-अ, फेरफार, गटाचा नकाशा, आणि सामाईक खात्यातल्या प्रत्येकाची लेखी संमती. मुंबईचा चुलता, लग्न होऊन गेलेली आत्या, सगळ्यांची. जास्तीत जास्त वेळ इथेच जातो.

आता मुख्य गोष्ट. नुसतं जंगल उभं आहे म्हणून क्रेडिट मिळत नाही. एक क्रेडिट म्हणजे हवेत जाता वाचवलेला किंवा झाडांनी शोषलेला, विकता येणारा एक टन कार्बन डायऑक्साइड, आणि तोही प्रकल्प नसता तर वाचला किंवा शोषला गेला नसता असा. म्हणून ऐन-किंजळीची तोड ठेकेदाराला उक्ती दिल्याचे जुने परवाने, पावत्या जपून ठेवा. यापुढे तोड थांबवणार असाल, तर आधी ती होत होती याचा पुरावा तोच. वरकस जमिनीवर नवी लागवड करणार असाल, तर दहा वर्षांत तिथलं रान तोडलेलं नसावं. लागवडीसाठी आहे ते जंगल साफ करा असं कुणी सुचवलं, तर त्याला दारातूनच परत पाठवा. मी हे कळकळीने सांगतो आहे.

हिशोब स्वतः करून पाहा. जमिनीपासून 1.37 मीटरवर झाडाचा घेर टेपने मोजा, 3.14 ने भागा, व्यास मिळतो. झाडाचं नाव आणि तारीख वहीत लिहा. सुक्या लाकडात साधारण निम्मा कार्बन असतो; त्याच्या डायऑक्साइडमधल्या ऑक्सिजनचं वजन धरलं, की एक टन सुक्या वाढीमागे सुमारे 1.7 क्रेडिट. समजा हेक्टरी वर्षाला दोन टन वाढ झाली, तर तीन-साडेतीन क्रेडिट. त्यातून आग-वादळाच्या धोक्यासाठी काही राखीव ठेवावी लागतात, शिवाय तपासणीचा खर्च. दोन-चार एकरांच्या एकट्या मालकाला हे परवडत नाही; वाडीतल्यांनी गट करूनच उतरावं.

एजंटाला प्रकल्पाचं नाव विचारा आणि व्हेरा किंवा गोल्ड स्टँडर्ड या क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या संस्थांच्या नोंदवहीत स्वतः शोधा. ती सगळ्यांना खुली असते. केंद्राची 2023 ची ग्रीन क्रेडिट योजना वेगळी आहे, तिच्यात गल्लत नको. करार मराठीत मागा. तुमचा वाटा खर्च वजा जाता की एकूण विक्रीवर, मुदत किती वर्षांची, मध्येच मालक वारला तर वारसांवर काय बंधन, घरापुरतं सरपण आणि हिरडा काढता येईल का, हे सारं कागदावर हवं. वकिलाला दाखवल्याशिवाय आगाऊ रक्कम घेऊ नका.

आणि जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला साफ केलेला पट्टा. गवत वाळलं की लगेच काढा, शेजाऱ्याच्या हद्दीवरची त्याला सोबत घेऊन. फेब्रुवारीत वणवा पेटला की वहीतली मोजणी तेवढी उरते.