तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंतचे बोन्साय

बोन्सायला नव्याने सुरुवात करणाऱ्यांपैकी बरेच जण पहिल्या उन्हाळ्यात झाड गमावतात आणि तिसरा उन्हाळा येईपर्यंत छंदच सोडून देतात, असे मी परिचयातल्या मंडळींच्या बाबतीत अनेकदा पाहिले आहे. पहिली गळती समजण्यासारखी असते, कारण झाड मेले की मन खट्टू होते. दुसरी गळती मात्र झाडे जिवंत असताना होते आणि तिचे मला अधिक वाईट वाटते. पुण्यातल्या पश्चिमाभिमुख गॅलरीत 2011 च्या जून महिन्यात मी हा छंद सुरू केला. तो पहिल्या काही वर्षांत सुटता सुटता कसा राहिला, हे नवोदितांना उपयोगी पडावे म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

माझे पहिले झाड जुनिपरचे होते. छायाचित्रांतून पाहिलेले बोन्साय म्हणजे सूचिपर्णी झाड, अशीच माझी समजूत असल्याने रोपवाटिकेतून तेच आणले आणि बैठकीच्या खोलीत टेबलावर ठेवले. त्याला उघडी हवा, भरपूर ऊन आणि थंडीचा विसावा लागतो, हे तेव्हा कोणी सांगितले नाही. जुनिपरची मुळे मेल्यानंतरही त्याची पालवी कित्येक आठवडे हिरवी दिसते. त्यामुळे झाड केव्हाच गेले होते आणि मी मात्र पुढचा महिनाभर मनापासून त्याला पाणी घालत होतो. तेव्हापासून मी खोडाची साल नखाने अगदी किंचित खरवडून पाहतो: खाली हिरवा ओलसर थर दिसला तर झाड जिवंत आहे, तपकिरी कोरडे लाकूड दिसले तर त्या भागात जीव उरलेला नाही.

म्हणून नव्या माणसाने आपल्या हवेतली झाडे निवडावीत, असा माझा आग्रह असतो. नांद्रुक, वड, पिंपळ, उंबर ही एकाच कुळातली झाडे चुका पोटात घालतात. जुन्या भिंतींच्या भेगांत, गच्चीच्या कठड्यावर पक्ष्यांच्या विष्ठेतून ती आपोआप उगवतात, यातच त्यांची चिकाटी दिसते. मी स्वतः आमच्या इमारतीच्या पावसाच्या पन्हाळीजवळून काढलेला पिंपळ अजून सांभाळून आहे, मात्र पिंपळाचे पान फारसे लहान होत नाही, त्यामुळे छोट्या कुंडीत तो प्रमाणबद्ध दिसणे कठीण असते. सुरुवातीला नांद्रुक सर्वांत बरा. कामिनी, बोगनवेल आणि चिंचही चांगली, आणि ज्यांचे पाणी घालणे अनियमित आहे त्यांनी जेड घ्यावे. डोंगरातून जुनी झाडे खणून आणण्याच्या फंदात नवोदिताने पडू नये; ती बहुतेक मरतात आणि तिथली जागा कायमची रिकामी होते.

आता पाण्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण हा छंद टिकतो किंवा सुटतो तो याच एका कामावर. जपानमध्ये बोन्साय शिकणाऱ्यांना, पाणी घालायला शिकण्यासाठीच तीन वर्षे लागतात, असे सांगितले जाते. मला आधी ही अतिशयोक्ती वाटली होती. पण उथळ कुंडीचे वागणे समजले तेव्हा तिचा अर्थ कळला. कोणत्याही कुंडीत पाणी निथळून गेल्यावर तळाशी चिंब ओल्या मातीचा एक थर उरतोच आणि त्याची उंची कुंडी किती खोल आहे यावर नव्हे, तर मातीचे कण किती बारीक आहेत यावर ठरते. समजा, हा थर चार सेंटिमीटरचा आहे; वीस सेंटिमीटर खोल कुंडीत त्याने काही बिघडत नाही, पण पाच सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये जवळजवळ सगळी मुळे त्या चिखलातच राहतात आणि हवेअभावी कुजतात. आपल्याकडची काळी माती तर ओली झाली की फुगते आणि वाळली की तडकते, म्हणून ती बोन्सायला अजिबात वापरू नये.

मी विटांचे तीन ते पाच मिलिमीटरचे तुकडे दोन भाग, जाड वाळू एक भाग आणि जुने, पूर्ण कुजलेले शेणखत एक भाग असे मिश्रण वापरतो. विटांची भुकटी चाळून टाकून देणे हे कंटाळवाणे काम आहे, पण ते टाळले तर बाकीच्या मेहनतीवर पाणी पडते. असे मिश्रण लवकर निथळते आणि लवकर सुकतेही, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत लहान कुंड्यांना सकाळ-संध्याकाळ असे दोनदा पाणी लागते. ‘रोज एक कप’ असा हिशेब कधी ठेवू नये. बोट मातीत अर्धा इंच घालून पाहावे आणि कोरडेपणा जाणवू लागला असेल तर तळाच्या भोकांतून पाणी वाहीपर्यंत झारीने घालावे.

दुसऱ्या वर्षी गणपतीला आम्ही आठ दिवस कोकणात गेलो होतो. पुण्यात पाऊस चालू होता, म्हणून झाडांची काळजी नाही असे मी धरून चाललो. शेजारच्या काकूंनी विचारले, तर त्यांनाही मी तेच सांगितले. गॅलरीवर वरच्या मजल्याचा स्लॅब होता आणि पावसाचा थेंबही कुंड्यांपर्यंत पोहोचत नव्हता, हे माझ्या ध्यानातच आले नाही. परत आलो तेव्हा भर पावसाळ्यात दोन कामिनी तहानेने वाळून गेल्या होत्या. त्या दिवशी छंद सोडण्याचा विचार मी खरोखर केला होता. तसे न करता मी गच्चीवर एक कोपरा मागून घेतला आणि काकूंना आधी आठवडाभर माझ्याबरोबर पाणी घालायला बोलावले. आपल्या गैरहजेरीत पाणी कोण घालणार, या प्रश्नाचे उत्तर झाड आणण्यापूर्वी तयार असले पाहिजे.

दुसऱ्या प्रकारच्या गळतीचे कारण वेगळे आहे. पहिल्या वर्षी छाटणी, फांद्यांना वळण देण्यासाठी गुंडाळायची तार, कुंडी असे सगळेच नवे असते. नंतर हाताशी असलेल्या एकुलत्या एका रोपाला वर्षातून दोन-तीन वेळाच काही करायचे असते आणि खोड तर बोटाएवढेच राहते. बारीक रोप उथळ कुंडीत लावून कितीही वाट पाहिली तरी खोड लवकर जाड होत नाही, कारण खोडाची जाडी मोकळ्या वाढीतून येते आणि उथळ कुंडी नेमकी ती वाढच रोखते. ज्याला जाड खोड हवे आहे त्याने रोप तीन-चार वर्षे मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत मनसोक्त वाढू द्यावे, तळाजवळची एखादी फांदी मुद्दाम लांब सोडावी आणि तिचे काम झाल्यावर ती कापून टाकावी. ही वर्षे दिसायला फार रुक्ष असतात. मी त्यावर शोधलेला उपाय असा की निरनिराळ्या टप्प्यांवरची सहा-सात झाडे ठेवायची: दोन मोठ्या कुंडीत वाढणारी, दोन तारेत, एखादे कुंडीत स्थिरावलेले आणि बाकीची नुकतीच लावलेली कलमे. मग हाताला सतत काही काम राहते आणि कोणत्याही एका झाडाच्या मागे घाईने लागावेसे वाटत नाही. त्याउलट, हौसेने एकदम तीस कुंड्या गोळा करणारा माणूस मे महिन्यातच थकतो.

कामांचे वेळापत्रक ऋतूंकडून घ्यावे. वड-नांद्रुकांची कुंडी मी मेअखेरीपासून जुलैपर्यंत बदलतो, कारण दमट हवेत त्यांची मुळे पटकन धरतात. कामिनीसाठी मात्र फेब्रुवारी-मार्च बरा. निरोगी वडाची पाने मेमध्ये देठ ठेवून कापली की नवी पाने लहान येतात, पण ज्या वर्षी मुळे छाटली त्याच वर्षी मी पाने काढत नाही. पावसाळ्यात तारेकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते, कारण नांद्रुकाची फांदी तेव्हा इतक्या वेगाने भरते की महिन्याभरात अॅल्युमिनियमची तार सालीत रुतते आणि तो वळ वर्षानुवर्षे जात नाही. हिवाळ्यात फारसे काम नसते. तेव्हा पिठ्या ढेकूण, म्हणजे रस शोषणारी पांढरी कापसासारखी कीड, मात्र पानांच्या बेचक्यांत शोधावेत.

घरातून होणाऱ्या आक्षेपांचीही तयारी हवी. बोन्सायमुळे घराची वाढ खुंटते, किंवा झाडाला छळून लहान ठेवतात, असे माझ्या आईला मनापासून वाटत असे. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा मी तिला कुंडी बदलताना जवळ बसवले. जाड मुळे छाटल्यावर पुढच्या वेळी तिथेच पांढऱ्या, कोवळ्या मुळांचा झुबका तिने पाहिला आणि एका जूनमध्ये नव्या कामिनीला नेहमीच्याच आकाराची, नेहमीच्याच वासाची फुले आली, तेव्हापासून संध्याकाळचे पाणी तीच घालू लागली. फुले आणि फळे बोन्सायमध्येही लहान होत नाहीत, फक्त पाने लहान होतात. म्हणून फळांसाठी झाड निवडताना मुळातच छोट्या फळाची जात घ्यावी.

एकट्याने हा छंद फार काळ चालवणे अवघड जाते. जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनात बोन्साय मांडलेले असतात. तिथे झाडापेक्षा ते मांडणाऱ्या माणसाशी अधिक वेळ बोलावे आणि या झाडाचे काय चुकले होते, असे विचारावे. सोबत एक वही ठेवावी आणि प्रत्येक झाडाचे दर सहा महिन्यांनी एकाच जागेवरून छायाचित्र घ्यावे. रोज पाहणाऱ्याला झाड वाढलेले कधीच दिसत नाही. मला माझ्या नांद्रुकात काहीच होत नाही असे वाटत होते, तेव्हा 2013 आणि 2016 ची छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिली आणि बुंध्याशी पसरलेली मुळे प्रथमच माझ्या लक्षात आली.

वॉशिंग्टनच्या बोन्साय संग्रहालयात एक पांढरा पाइन आहे. त्याला 1625 पासून वळण दिले जात आहे असे मानतात. हिरोशिमातल्या यामाकी कुटुंबाकडे तो पिढ्यान्‌पिढ्या होता, 6 ऑगस्ट 1945 च्या स्फोटातून तो त्यांच्या अंगणात वाचला आणि 1976 मध्ये जपानने अमेरिकेला भेट दिलेल्या झाडांबरोबर तिथे गेला. त्याची ही हकीकत संग्रहालयाला 2001 मध्ये त्या घरातले दोन नातू भेटीला आले तेव्हा समजली. मला त्यात सर्वांत विलक्षण वाटते ते असे, की एवढ्या काळात उथळ कुंडीतल्या त्या झाडाला कोणी ना कोणी पाणी घालतच राहिले.

आमच्या गच्चीवर येत्या जूनमध्ये नांद्रुकाची छाटणी होईल. निघालेल्या काड्यांतल्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या मी वीतभर लांबीच्या कापतो, चीक धुऊन टाकतो, खालची पाने काढतो आणि विटांच्या तुकड्यांत सावलीत लावतो. चार ते सहा आठवड्यांत त्यांना मुळे फुटतात. नवीन शिकू इच्छिणाऱ्याला मी अशी तीन कलमे देतो आणि पहिले वर्षभर त्यांना फक्त पाणी घालायला सांगतो.