जिभेवर बसलेले शब्द उठवायचे कसे: ‘एक नंबर’पासून ‘भावपूर्ण’पर्यंत

आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्स अन डीटीपीचं दुकान आहे, १८ वर्षं झाली. लग्नाच्या पत्रिका, तेरवीचे कार्ड, वाढदिवसाचे बॅनर, ग्रामपंचायतीच्या नोटिसा, सगळं मॅटर माझ्याच हातून टाईप होते, त्याच्यामुळं लोकं कोणता शब्द किती घासून राहिले हे मले रोज दिसते. दोन वर्षांआधी बाजूच्या गावातली एक पोरगी आली, बाप वारला होता, तेरवीचं कार्ड करायचं होतं. तिनं मोबाईल माझ्यासमोर धरला अन म्हणे, काका पाहा, गावच्या ग्रुपवर ११२ मेसेज आले, सगळे ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, एकानंही बाबाचं नाव नाई घेतलं. आता ते ११२ लोकं काही वाईट नव्हते, अर्धे तं मातीले गेले होते, पण लिहायची वेळ आली तं बोटाले तेवढाच शब्द सापडला. तवापासून मी ह्या गोष्टीच्या मागं लागलो, स्वतःवर, घरच्यायवर अन दुकानात येणाऱ्या लोकायवर करून पाहिलं, अन जे जमलं ते इथं सांगतो.

आधी दाणे मोजा

आपण कोणता शब्द जास्त वापरतो हे आपल्याले ऐकू येत नाई. मले वाटे माझं बोलणं साफ आहे. मंग एक दिवस लेकीले म्हटलं, मी फोनवर ‘म्हणजे कसं आहे’ म्हटलं की एक तुरीचा दाणा वाटीत टाकत जा. कृषी केंद्रवाल्याशी दहा मिनिटं बोललो असंल, फोन ठेवला तं वाटीत २३ दाणे. हा उपाय सगळ्यात चांगला, कारण मोजणारा दुसरा असते, अन लेकरं मोजण्यात कोणाची भीड धरत नाई.

घरात कोणी मोजणारं नसंल तं व्हॉट्सॲपवर आपणच पाठवलेले जुने व्हॉइस मेसेज काढून ऐका, चार-पाच, वेगवेगळ्या माणसायले पाठवलेले. साहेबाले पाठवलेल्यात ‘ॲक्च्युली’ अन ‘बेसिकली’ निंगते, दोस्ताले पाठवलेल्यात ‘विषय हार्ड’ अन ‘भावा’, अन मायले पाठवलेल्यात यातलं काहीच निंगत नाई. तो मायवाला मेसेज दोनदा ऐका. आपल्याले जिथं पोचायचं आहे ते बोलणं आपल्यापाशी आधीच आहे, फक्त ते एकाच माणसासाठी राखून ठेवलं आहे.

लिहिलेलं मोजायले तं अजूनच सोपं, ग्रुपच्या सर्चमधे शब्द टाका अन आपलं नाव किती वेळा येते ते पाहा.

मोजून झालं की एकच शब्द धरा. एका वेळी एकच, पंधरा दिवस. सगळे एकदम सोडायले गेलं तं माणूस बोलायचंच थांबते, हे मी दोघातिघायचं पाहिलं आहे.

अडखळले की येणारे शब्द

‘म्हणजे’, ‘बरं का’, ‘समजलं का’, ‘काय म्हणतात त्याले’, ‘ॲक्च्युली’. हे शब्द बोलायचं काही सापडत नसलं की येते. हर्बर्ट क्लार्क अन जीन फॉक्स ट्री ह्या दोन अभ्यासकायनं २००२ मधे इंग्रजीतल्या ‘अ’ अन ‘अम्’ ह्या आवाजायवर लिहिलं आहे, त्यायचं म्हणणं असं की माणूस ते आवाज समोरच्याले सांगायसाठी काढते, की थांब, येऊन राहिलं, अन ‘अम्’ आला तं उशीर जरा मोठा असते. म्हणून एखाद-दुसऱ्या ‘म्हणजे’नं काही बिघडत नाई, ते लाजायसारखं नाई. बिघडते कवा, तं काही शोधायचंच नसते तवाही जीभ सवयीनं तो शब्द टाकत जाते अन ऐकणारा मुद्द्याची वाट पाहत बसते.

उपाय एकच आहे, शब्द यायले लागला की तोंड मिटा अन श्वास सोडा. आपल्याले वाटते लय वेळ गेला, समोरच्याले तो वेळ जाणवतही नाई. पारावरचे बुढे लोकं पाहा, तंबाखू मळता मळता बोलतात, मधातच थांबतात, चुना लावतात, अन तोवर सारे जण कान देऊन बसलेले असतात. ते थांबणं शिकायसारखं आहे.

सराव कोणासोबत करायचा तं जो घाईत नाई त्याच्यासोबत. बँकेच्या खिडकीवर करू नका.

कौतुक करायचं असंल तं

हा भाग लांब लिहितो कारण सगळ्यात जास्त घासलेले शब्द इथंच आहेत. ‘एक नंबर’, ‘कडक’, ‘खतरनाक’, ‘नादच नाई’, ‘विषय एंड’.

शब्द झिजतेच, आपल्या भाषेत हे आधीपासून चालू आहे. ‘खूप’ हाच पाहा, फारसीत ‘खूब’ म्हणजे चांगला, आपल्याकडं येऊन तो ‘पुष्कळ’ झाला, त्यातला चांगुलपणा कोणाले आठवतही नाई. म्हणून झिजलेल्या शब्दाच्या जागी जोराचा शब्द शोधत गेलं तं ‘भारी’चं ‘कडक’ होते, ‘कडक’चं ‘खतरनाक’, अन थोड्या दिवसांनी तेही पुरत नाई. मले ह्याच्यातून निंगायचा रस्ता असा सापडला: विशेषण सोडून द्या, जे डोळ्याले दिसलं ते सांगा, नाईतर त्या माणसाले विचारा.

मागच्या हंगामात एकानं ग्रुपवर पऱ्हाटीचा फोटो टाकला. खाली रांगेनं ‘एक नंबर भाऊ’, ‘कडक’, अंगठे. मी लिहिलं, “कमरेच्या वर गेली नं भाऊ, अन खालच्या फांदीलेही बोंडं धरले. किती बाय कितीवर लावली? गुलाबी अळी नाई दिसली का अजून?” त्या माणसानं संध्याकाळी वावरातून आल्यावर एवढं मोठं उत्तर लिहिलं, अंतर किती ठेवलं, कामगंध सापळे कवा लावले, फवारणी कवा टाळली, सगळं. बाकीच्यायनंही ते वाचलं अन त्याच्यावर विचारायले लागले. ‘एक नंबर’च्या खाली असं बोलणं कधी सुरू झालेलं मी तरी पाहिलं नाई.

जेवणाचंही तसंच. कोणाच्या घरी जेवलो की ‘मस्त झालं’ म्हणून हात धुवू नका, “वांग्यात जवस कुटून टाकला का वयनी?” असं विचारा. रांधणाऱ्या बाईले कळते की ह्यानं चव घेतली.

गाडगेबाबा (१८७६–१९५६) आपल्याच वऱ्हाडी बोलीत कीर्तन करत अन मधातच लोकायले प्रश्न विचारत, लोकं उत्तर देत, त्याच्यावर पुढचा प्रश्न. त्यायच्यासमोर बसलेला माणूस नुसता ऐकणारा राहतच नव्हता, त्याले बोलावंच लागे. प्रश्नात एवढी ताकद असते.

माणूस गेल्यावर काय लिहायचं

इथं लोकं सगळ्यात जास्त घाबरते, चुकीचं लिहिलं तं काय होईल म्हणून पुढच्याचा मेसेज कॉपी करून टाकते. घाबरू नका, तीन गोष्टी लिहा. तुम्ही त्या माणसाले जे म्हणत होते ते नातं, काकाजी, मामाजी, आजी, जे असंल ते. मंग तुम्ही स्वतः पाहिलेली एक गोष्ट, लहानशीच. अन मंग तुम्ही काय करणार आहात ते. उदाहरण देतो:

“काकाजी गेले हे सकाळी समजलं. मागच्या पोळ्याले त्यायनं आमच्या बैलाचे शिंगं स्वतः रंगवून देल्ले होते. मी शुक्रवारी येतो, तुरीचं पाणी मी पाहून घेतो, वावराची काळजी करू नका.”

याच्यात एकही जड शब्द नाई. अन हा मेसेज दुसऱ्या कोणाच्या नावानं पाठवता येत नाई, लिहून झालं की हेच तपासायचं, नाव बदलून दुसऱ्याले चालंल का? चालत असंल तं परत लिहा.

गेलेल्या माणसाले तुम्ही ओळखतच नसाल तं खोटी आठवण बनवू नका, ज्याले ओळखता त्याले लिहा: “तुमची माय गेली हे समजलं, आज दिवसभर तुमचीच आठवण येऊन राहिली, संध्याकाळी येतो.” काहीच सुचत नसंल तं लिहू नका, जाऊन बसा. ‘आरआयपी’ तं मुळात लॅटिन प्रार्थनेची तीन अक्षरं आहे, शांतीनं विसावा घेवो असा अर्थ, ज्याच्या धर्मात ती प्रार्थना आहे त्याच्यासाठी ती खरी आहे, आपल्याकडं तं टाईप करायचा कंटाळा म्हणून येते.

त्या पोरीचं कार्ड आम्ही असंच बसून केलं. तिचा बाप गवंडी होता. नेहमीचा साचा काढून टाकला अन फोटोखाली एकच ओळ ठेवली: “गावातल्या कितीतरी घरायच्या भिंती बाबाच्या हातच्या आहेत.” तेरवीच्या दिवशी लोकं कार्ड वाचून आपापल्या घराची गोष्ट सांगत होते, असं ती नंतर सांगायले आली.

बॅनर अन पत्रिका यायले जास्त सांगत नाई. ‘कार्यसम्राट’ अन ‘युवा हृदयसम्राट’ काढा, त्या माणसानं केलेलं एक काम जागेसकट लिहा, पांदण रस्त्यावर मुरूम टाकला असंल तं तसंच लिहा. अन पत्रिकेवर लेकरायच्या नावानं ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ हे टाकण्याआधी त्या लेकराले विचारून पाहा तो काय म्हणते, दोनदा मी विचारलं अन दोन्ही वेळा लेकरानं पत्रिकेपेक्षा चांगलं सांगितलं.

रीलवरून आलेले शब्द

पोट्टे ‘नाद खुळा’ म्हणते, ‘विषय हार्ड’ म्हणते, ‘ब्रो’ म्हणते. मले त्या शब्दायचा राग नाई. ‘नाद खुळा’ कोल्हापूरकडं ऐका, त्यायच्या तोंडात ते शोभते. जून २०२२ मधे सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यायचं गुवाहाटीतून फोनवरचं बोलणं सगळीकडं पसरलं, ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’, ते कानाले गोड लागलं कारण ते त्यायच्या मुलखाचं, घरचं बोलणं होतं. मंग तीच ओळ माझ्या दुकानात बॅनरसाठी यायले लागली, रसवंतीले, ढाब्याले, सलूनले, अन त्याच्यात ना आमची झाडी होती ना आमचं बोलणं. अन नवीन शब्द सगळेच वाया जाते असंही नाई, ‘ओके’ हा १८३९ मधे अमेरिकेतल्या बोस्टनच्या एका पेपरात मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची गंमत म्हणून छापला गेला, आज वावरात गडीमाणसंही ओके म्हणते, कारण त्या शब्दाचं काम पडते.

म्हणून पोट्ट्यायले रागावू नका, त्यायले बदल्यात काही द्या. ‘बोअर होऊन राहिलं’ म्हणते त्याले ‘गमत नाई’ द्या, ‘मले इथं गमत नाई’ ह्या तीन-चार शब्दात एकटेपणा, घरची आठवण, रिकामेपण सगळं येते. ‘मूड ऑफ’ले ‘तोंड उतरलं’. ‘टेन्शन’ले ‘जिवाले घोर’. घरात आजी असंल तं एक वही करा, आजी बोलता बोलता जो शब्द टाकते अन आपल्याले समजत नाई तो लिहून घ्या, सोबत तिचं पूर्ण वाक्यही लिहा, नुसता शब्द लिहिला तं वापरायचा कसा ते विसरते.

एक सांभाळा. ही साफसफाई करताना आपलीच बोली बाहेर फेकू नका. ‘जाऊन राहिलो’, ‘मले’, ‘काऊन’, ‘पैसे भेटले’, भाजीतला सांबार (म्हणजे कोथिंबीर), आलू, फल्ली, हे कोणी हिंदी म्हणून हसलं तं हसू द्या. वऱ्हाड १९०३ मधे मध्य प्रांताले जोडला, १९५६ पर्यंत आपण हिंदी मुलखासोबत एकाच प्रांतात राहिलो, शेजार होता तं देणंघेणं होणारच. अन मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरले ७०० वर्षांआधी महानुभाव पंथाच्या लोकायनं सामान्य माणसाले समजावं म्हणून संस्कृत सोडून मराठीत लिहायचं ठरवलं, ते आपल्याच मुलखात. आजीचं बोलणं हे घासलेलं बोलणं नाई, ते तर अजून पुरतं वापरलंही गेलं नाई.

नोटीस

ग्रामपंचायतीचं मॅटर येते: “सर्व ग्रामस्थांना या सूचनेद्वारे कळविण्यात येते की, सदर योजनेच्या पाईपलाईन दुरुस्तीच्या कारणास्तव उद्या रोजी पाणीपुरवठा खंडित ठेवण्यात येईल.” मी विचारतो, कोतवालानं दवंडी दिली असती तं काय ओरडला असता? मंग असं निंगते: “उद्या, बुधवारी नळ येणार नाई. पाणी आजच भरून ठेवा. पाईप दुरुस्त करून राहिलो, गुरुवारी सकाळी नळ येईन.” सचिव आधी नाई म्हणे, आता तेच लिहून आणते. तुमच्याकडं असा कागद आला तं ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘कळविण्यात येते की’ एवढे तीन काढून वाचा, बाकीचं आपोआप सरळ होते.

दुसऱ्याले सांगायचं कसं

ग्रुपवर सगळ्यायसमोर कोणाचा शब्द धरू नका, माणूस दुखावते अन शब्द काही सुटत नाई. मोठे लोकं रोज फुलाच्या फोटोवर ‘शुभ सकाळ’ टाकतात, त्याचा वैताग येतो हे खरं, पण माझ्या मामाजीचा मेसेज एक दिवस आला नाई तं आम्ही फोन केला, ते तापानं पडले होते घरात एकटे. तवापासून मी त्यायले फुलाच्या बदल्यात फूल पाठवत नाई, विचारतो, “आज वावरात काय काम काढलं?” आता त्यायचा मेसेज असा येते, “आज धुऱ्यावरचं गवत कापलं, पाठ धरली.” फुलाचा फोटो अजूनही असते सोबत, राहू द्या.

अन पंधरा दिवस झाले की परत वाटी घ्या. माझे २३ चे ९ झाले होते पहिल्या खेपेले, लेकीनं मोजले. ९ वर आले म्हणून मी तो शब्द सोडला अन पुढचा धरला, सध्या ‘शंभर टक्के’ चालू आहे.