मांजराला बीपीचं औषध कानाला कसं लावायचं

आमची मनी बीपीची गोळी गालात धरून ठेवायची आणि अर्ध्या तासाने सोफ्याखाली थुंकून यायची, रोजची झटापट, शेवटी ती मला बघूनच पळायला लागली तेव्हा व्हेटनी अ‍ॅम्लोडिपिनचं कानाला लावायचं जेल लिहून दिलं.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, मांजर गोळी खात असेल तर गोळीच बरी. कातडीतून औषध पोटातल्या इतकं भरवशाने आत जात नाही, कुणाला लागू पडतं कुणाला नाही. आणि घरी गोळी कुटून क्रीममध्ये कालवून अजिबात लावू नका, जेल खास बनवून घ्यावं लागतं, त्यात औषध कातडीतून आत नेणारा बेस असतो.

लावताना आधी स्वतः ग्लोव्हज घाला कारण ते तुमच्याही कातडीतून आत जातं. कालचा थर राहिला असेल तर ओल्या कापसाने हलकेच पुसून कान कोरडा होऊ द्या. मग सिरिंज किंवा औषधाच्या पेनमधून सांगितलंय तेवढंच जेल बोटावर घ्या, अंदाजाने नको. कानाची पाकळी बाहेरून अंगठ्याने धरून थोडी उलटी केली की आतला गुलाबी, बिनकेसांचा भाग दिसतो, तिथे पातळ पसरून हळूहळू चोळा, चकाकी गेली की झालं. कानाच्या भोकात जाऊ देऊ नका. आज उजवा तर उद्या डावा, मी कॅलेंडरवर उ आणि डा लिहिते नाहीतर गोंधळ होतो. घरात दुसरं मांजर असेल तर वाळेपर्यंत वेगळं ठेवा, ती एकमेकांचे कान चाटतात. लहान मुलांनाही तोवर कानाला हात लावू देऊ नका.

डोस चुकला तर पुढच्या वेळी डबल लावायचा नाही. कान लाल झाला, खपल्या धरल्या तर व्हेटला दाखवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जेल लावलं म्हणजे बीपी उतरलं असं धरून बसू नका. सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत बीपी मोजून घ्याच, वरचा आकडा 160 च्या खाली यायला हवा, 180 किंवा वर म्हणजे डोळे, किडनी, मेंदू, हृदय सगळ्यांनाच धोका. मोजण्याआधी मांजराला पाच-दहा मिनिटं शांत बसू द्या, घाबरलं की आकडा उगाच चढतो. नाहीच उतरलं तर व्हेट डोस बदलतील किंवा परत तोंडाने द्यायच्या औषधावर नेतील, त्यात वाईट वाटून घेऊ नका. मांजर एकदम सुस्त झालं, चालताना लडखडलं तर बीपी जास्तच उतरलं असू शकतं, लगेच फोन करा. आणि उजेडातही बुबुळं मोठी काळीभोर दिसली, भिंतीला धडकायला लागलं तर सकाळपर्यंत थांबू नका, रेटिना म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा सुटलेला असू शकतो, त्याच दिवशी उपचार मिळाले तर नजर परत यायची आशा असते.