मत जरूर द्या, पण कागद कुठवर आलाय ते आधी बघा

बातमीवर मत नसलेला नाशिककर मला अजून भेटायचा आहे. गोल्फ क्लब मैदानावर सकाळचं चालणं झालं की कट्ट्यावर, नाशिकरोडहून सीबीएसला येणाऱ्या बसमध्ये, मेनरोडच्या दुकानात बिल होईपर्यंत, कुठेही जा, कायदा, निवडणूक, मोबाइल, एआय यावर बोलणं चालूच असतं. मला ते मनापासून आवडतं. एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर मी वर्षानुवर्षं उपसंपादक होते. आपण रात्री लावलेल्या बातमीवरून लोक सकाळी तावातावाने बोलतात, यात त्या रात्रपाळीचं सार्थक वाटायचं.

डेस्कवर बसून एक गोष्ट मात्र पक्की कळली. पुष्कळ भांडणं मुळात मतांची नसतातच. एक जण घोषणेबद्दल बोलतो, दुसरा विधेयकाबद्दल, तिसरा लागू झालेल्या कायद्याबद्दल, आणि विषय एकच आहे असं तिघांनाही वाटत असतं. म्हणून कुठलीही बातमी वाचली की पहिला प्रश्न हा विचारा: कागद कुठवर आलाय? तो कसा शोधायचा, ते सांगते.

मथळ्याचा शेवट वाचा

मथळ्याचा खरा अर्थ शेवटच्या शब्दात असतो. ‘घोषणा’, ‘तत्त्वतः मान्यता’, ‘मंत्रिमंडळाची मंजुरी’, ‘विधेयक सादर’, ‘विधेयक मंजूर’, ‘अधिसूचना जारी’, ‘आजपासून लागू’ हे सगळे वेगवेगळे टप्पे आहेत आणि त्यांच्यामध्ये कधी एक रात्र जाते, कधी कित्येक वर्षं. आपल्याच शहराचं उदाहरण घ्या. 1 फेब्रुवारी 2021च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी 2,092 कोटींचा उल्लेख झाला. दुसऱ्या दिवशी शहरात मेट्रो आल्यासारखीच चर्चा होती, कुठलं स्टेशन कुणाच्या घराजवळ इथपर्यंत. मेट्रोचा खांब काही उभा राहिला नाही. अर्थसंकल्पातला उल्लेख खोटा नव्हता, तो फक्त पहिला टप्पा होता.

संसदेतल्या बातम्यांत तर हे अंतर फारच कमी-जास्त होतं. ऑनलाइन गेमिंगचं विधेयक 20 ऑगस्ट 2025ला लोकसभेत, 21ला राज्यसभेत मंजूर झालं आणि 22ला त्यावर राष्ट्रपतींची सहीही झाली. उलट आपल्या खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा बघा. त्यावर 11 ऑगस्ट 2023ला सही झाली, पण नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडलं आणि कंपन्यांना बांधणाऱ्या मुख्य तरतुदींना त्यापुढे आणखी 18 महिने दिले गेले. मधल्या काळात कित्येक जण मला म्हणायचे, ‘कायदा झालाय ना, मग माझा नंबर विकणाऱ्यावर केस करते.’ कायदा होणं आणि तो वापरता येणं यात नियम नावाची पायरी असते. बातमीत ती शेवटच्या परिच्छेदात असते, आणि पानावर जागा कमी पडली की कात्री आधी त्याच परिच्छेदावर चालते. मी स्वतः चालवली आहे, जागा तेवढीच असते. म्हणून बातमी शेवटपर्यंत वाचा.

‘पर्यंत’ हा शब्द शोधा

हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण याच एका शब्दाने आपल्या जिल्ह्याने केवढा गोंधळ पाहिला.

जानेवारी 2024च्या पहिल्या दोन दिवसांत मनमाडजवळच्या पानेवाडीत टँकरचालकांनी स्टिअरिंग सोडलं. तिथे मोठ्या तेल कंपन्यांचे डेपो आहेत, तिथून राज्याच्या मोठ्या भागाला इंधन जातं. नाशिकमध्ये पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. कारण काय, तर नव्या भारतीय न्याय संहितेतलं अपघाताचं कलम. लोकांच्या तोंडी एकच वाक्य होतं: ‘अपघात झाला की ड्रायव्हरला दहा वर्षं जेल आणि सात लाख दंड.’

आता मूळ कलम उघडा. 106व्या कलमाचं पहिलं पोटकलम निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याबद्दल आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. दुसरं पोटकलम बेदरकारपणे गाडी चालवून मृत्यू घडवला आणि वर पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळ काढला, अशा चालकाबद्दल. तिथे शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि दंड. दंडाची रक्कम कलमात लिहिलेलीच नाही, सात लाखांचा आकडा त्यात कुठेही नाही.

मथळ्यातून ‘पर्यंत’ गळतं, कारण स्तंभात अक्षरं मावायला हवीत. ‘पळ काढला तर’ ही अट गळते, कारण ती दुसऱ्या वाक्यात असते. राहतं ते ‘दहा वर्षं जेल’. चालकांची भीती मात्र खरी होती, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते. अपघातानंतर जमाव गोळा होतो, थांबलेल्या चालकाला मार बसतो, मग तो कळवणार कधी? हा प्रश्न कलम नीट वाचूनच नेमका विचारता येतो, आणि सरकारला त्याचं उत्तर द्यावं लागलं. वाहतूकदारांशी चर्चा केल्याशिवाय ही तरतूद लागू करणार नाही, असं सांगावं लागलं. 1 जुलै 2024ला न्याय संहिता देशभर लागू झाली ती हे दुसरं पोटकलम वगळूनच.

तेव्हा कायद्याची बातमी वाचताना तीन गोष्टी शोधा: ‘पर्यंत’, ‘जर’ आणि ‘वगळून’. मूळ कलम केंद्र सरकारच्या इंडिया कोड या कायद्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं.

जीआर हातात आला की आधी खाली बघा

व्हॉट्सॲपवर फिरणारा शासन निर्णय, म्हणजे जीआर, खरा की खोटा, हे ओळखायला वकील लागत नाही. शेवटच्या पानावर एक ठरलेलं वाक्य असतं, की सदर शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. तो संकेतांक 18 आकडी असतो आणि त्यातले पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. 20240628 ने सुरू होत असेल तर तो 28 जून 2024चा. हा आकडा राज्य शासनाच्या जीआरच्या संकेतस्थळावर टाका. कागद खरा असेल तर तिथे निघतो.

ही तारीख का बघायची, ते लाडकी बहीण योजनेच्या वेळी घराघरात कळलं. 28 जून 2024च्या जीआरमध्ये अर्जाची मुदत 15 जुलै होती, वयाची मर्यादा 60, पाच एकरांपेक्षा जास्त शेती असलेलं कुटुंब अपात्र, उत्पन्नाचा दाखला हवा, अधिवासाचा हवा. तहसील कचेरी आणि सेतू केंद्रांवर बायकांची ही झुंबड उडाली. आमच्या शेजारची, सिडकोत पोळ्यांची कामं करणारी बाई दोन घरची कामं बुडवून रांगेत उभी होती. 3 जुलैला नवा जीआर आला. मुदत 31 ऑगस्ट झाली, वय 65 झालं, जमिनीची अट गेली, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याची गरज उरली नाही, अधिवासाऐवजी 15 वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्रही चालू लागलं. पण पहिल्या जीआरचे फोटो त्यानंतरही जोरात फिरत होते. तिच्याकडे केशरी कार्ड होतं. मी तिला दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवले, तेव्हा ती रांग सोडून कामावर गेली.

योजना चांगली की वाईट, निवडणुकीसाठी की बायकांसाठी, यावर वाटेल तेवढं बोला. फक्त ‘यापूर्वीच्या निर्णयात सुधारणा’ असं लिहिलेला पुढचा जीआर आलाय का, एवढं आधी पाहा.

अर्धी बातमी

कांद्याबद्दल लासलगावच्या माणसाला मी काय सांगणार. बाकीच्यांसाठी एवढंच, की 4 मे 2024ला ‘कांदा निर्यातबंदी उठली’ असा मथळा आला तेव्हा त्याच निर्णयात टनामागे 550 डॉलर किमान निर्यात मूल्य होतं आणि 40 टक्के शुल्कही होतं. किमान मूल्याची अट सप्टेंबरमध्ये गेली, शुल्क तेव्हा निम्म्यावर आलं आणि 1 एप्रिल 2025पासून पूर्ण संपलं. शहरातले लोक मे महिन्यात म्हणत होते, ‘उठली ना बंदी, आता कशाला रडतात?’ शेतकरी का रडत होता ते त्याच बातमीच्या तिसऱ्या ओळीत होतं. सवलतीची बातमी आली की तिला कुठली अट जोडली आहे, ते शोधलंच पाहिजे.

कोर्टाच्या बातमीचे शब्द

‘नोटीस बजावली’ म्हणजे समोरच्याला म्हणणं मांडायला सांगितलं, बस. ‘निरीक्षण नोंदवलं’ म्हणजे सुनावणीत न्यायमूर्ती काही बोलले; ते लेखी आदेशात येईलच असं नाही. ‘अंतरिम स्थगिती’ म्हणजे निकाल लागेपर्यंत थांबा. ‘निकाल राखून ठेवला’ म्हणजे ऐकून झालं, लिहायचं बाकी आहे. यांपैकी कशावरही ‘कोर्टाने ठरवलं’ असं म्हणू नये.

एकच प्रकरण किती वळणं घेतं पाहा. सरकारबद्दलचा मजकूर खोटा आहे का, हे सरकारच्याच पडताळणी कक्षाने ठरवायचं, असा नियम 2023मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत आला. 31 जानेवारी 2024ला मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं परस्परविरुद्ध पडली, म्हणून प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेलं. मार्चमध्ये उच्च न्यायालयाने अंतरिम स्थगिती नाकारली. 20 मार्चला केंद्राने कक्षाची अधिसूचना काढली, 21 मार्चला सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. 20 सप्टेंबरला तिसऱ्या न्यायमूर्तींनी नियम घटनाबाह्य ठरवला. या प्रत्येक तारखेचं कात्रण घेऊन कुणीही ‘आम्ही जिंकलो’ म्हणू शकत होतं, आणि म्हणतही होतं. कात्रणावर तारीख नसेल तर त्यावर बोलूच नका.

आणि रद्द झालेलं कलम लोकांच्या तोंडून जात नाही, हेही लक्षात ठेवा. फेसबुकवरच्या मजकुरासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ लावण्याची धमकी अजून ऐकू येते. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015ला रद्द केलं आहे. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी त्याची भीती घालत असेल तर ही तारीख सांगा.

मोबाइल आणि ॲपच्या बातम्या

इथे घाई सगळ्यांत जास्त आणि बातमीचं आयुष्य सगळ्यांत कमी. आदेश कुणाला आहे, कंपनीला की तुम्हाला? कधीपर्यंत? तुम्हाला नकार देता येतो का? एवढी उत्तरं मिळेपर्यंत थांबा. नोव्हेंबर 2025च्या अखेरीस दूरसंचार विभागाने मोबाइल कंपन्यांना संचार साथी हे सरकारी ॲप नव्या फोनमध्ये आधीपासून टाकायला सांगितलं, मुदत 90 दिवसांची. 1 डिसेंबरला ते बाहेर आलं, देशभर गदारोळ झाला आणि 3 डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. माझं मत विचाराल तर ती सक्ती चुकीचीच होती आणि लोक बोलले म्हणूनच ती गेली. पण 3 तारखेनंतरही ‘फोन उघडला की सरकार ऐकतंय’ असे संदेश पाठवत राहण्याने आपलीच बाजू लंगडी पडते.

मत कुठे द्यायचं

कट्ट्यावर द्याच. पण कागद ज्या टप्प्यावर असेल तिथे तुमच्या मताला वजन देणारं दारही बहुतेक वेळा उघडं असतं. मसुदा निघाला की ‘हरकती व सूचना’ मागवतात. राज्याच्या जनसुरक्षा विधेयकावर संयुक्त समितीकडे 12 हजारांहून जास्त सूचना गेल्या. मसुद्यात काही बदल झाले आणि मग जुलै 2025मध्ये ते मंजूर झालं. बदल पुरेसे होते असं मला वाटत नाही, तरी ते झाले हे खरं. कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायचा प्रस्ताव आला तेव्हाही नाशिककरांनी महापालिकेकडे शेकडो हरकती दिल्या.

हरकत एका पानाची लिहा. वर अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख, मग कुठलं कलम किंवा कुठली जागा, मग तुमचा आक्षेप आणि त्याऐवजी काय हवं ते. ‘हे जनविरोधी आहे’ एवढंच लिहिलेली हरकत फाइलला लागते आणि तिथेच राहते. ‘पोटकलम दोनमध्ये अमुक शब्द काढून तमुक घाला’ असं लिहिलं की उत्तर द्यावं लागतं. नाव, पत्ता, सही हवीच. महापालिकेच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनात द्यायची असेल तर दोन प्रती न्या, आवक टेबलावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या, नंतर सुनावणीला तोच कागद दाखवायचा असतो. ईमेल करणार असाल तर विषयाच्या ओळीतच अधिसूचनेचा क्रमांक टाका, नाहीतर तो कुठल्या फाइलला लावायचा हे तिथल्या कारकुनाला कळत नाही.