नवी हायपरकार पहिल्याच रेसला आपटली तर नावं ठेवण्याआधी काय काय बघायचं

डब्ल्यूईसीत, म्हणजे तासन्‌तास चालणाऱ्या रेसच्या वर्ल्ड एन्ड्युरन्स चॅम्पियनशिपमध्ये, नवी गाडी उतरली आणि मागे पडली की सगळीकडे एकच गाणं, डिझाइनच गंडलंय, एवढे पैसे घातले कशाला वगैरे. कधीकधी खरंच गंडलेलं असतं, नाही म्हणत नाही. पण तिथल्या सगळ्यात वरच्या, हायपरकार क्लासमध्ये २०२० पासून नियम इतक्यांदा हललेत की पहिल्या रेसचा निकाल नुसता बघून काही कळत नाही. मी काय करतो ते सांगतो, आणि उदाहरण म्हणून प्यूजो ९एक्स८ घेतो कारण नियम बदलले की गाडीचं काय होतं हे बघायला तिच्याएवढी चांगली गाडी दुसरी नाही.

पहिलं काम, तारखा काढायच्या. गाडी दाखवली कधी, होमोलोगेट झाली कधी (म्हणजे डिझाइनला अधिकृत मंजुरी मिळाली कधी), रेसला आली कधी, आणि या मधल्या काळात नियमांत काय बदललं. रेस कार कागदावरून ट्रॅकवर यायला दीड-दोन वर्षं सहज जातात, म्हणजे इंजिनियरने ज्या नियमांवर पेन टेकवलं तेच नियम पहिल्या रेसला असतील याची काही गॅरंटी नाही. एलएमएच, म्हणजे ले मान्स हायपरकारचे नियमच बघा ना, सुरुवातीला ५८५ किलोवॅट पॉवर आणि ११०० किलो वजन असं ठरलेलं. मग जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेत डेटोनाला एलएमडीएच नावाचा दुसरा, स्वस्तातला प्रकार जाहीर झाला आणि दोन्ही प्रकार एकाच रेसमध्ये बरोबरीने पळले पाहिजेत म्हणून एलएमएचचे आकडे ५०० किलोवॅट आणि १०३० किलोवर आणले. अॅस्टन मार्टिनने तर एलएमडीएच जाहीर झाल्यावर लगेच, फेब्रुवारी २०२० मध्ये, वाल्किरी या आपल्या हायपरकारचा प्रोग्रॅमच थांबवला. ती गाडी शेवटी रेसला दिसली २०२५ मध्ये कतारला.

प्यूजोच्या तारखा अशा: गाडी दाखवली जुलै २०२१ मध्ये, पहिली रेस १० जुलै २०२२, मोंझाचे ६ तास. मधे २०२२ चं ले मान्स, म्हणजे फ्रान्समधली २४ तासांची रेस, सोडून दिलं. घरच्या मैदानावरची सगळ्यात मोठी रेस फ्रेंच कंपनीने का सोडावी? तर होमोलोगेशन. एकदा गाडी होमोलोगेट केली की बॉडीवर्क, अंडरबॉडी, सस्पेन्शन सगळं लॉक, नंतर मोठा बदल करायचा तर एव्हो जोकर वापरायचा आणि ते अख्ख्या होमोलोगेशनच्या काळात मिळून पाचच. त्यामुळे अर्धी कच्ची गाडी घाईघाईत लॉक करून बसण्यापेक्षा एक ले मान्स गेलेलं परवडलं. नव्या गाडीने अशी एखादी मोठी रेस टाळली की लोक ‘घाबरले’ म्हणतात, मला ते शहाणपण वाटतं.

आता दुसरं काम, आणि हे नीट समजून घ्या कारण खरी मेख इथे आहे. टायरची रुंदी बघायची आणि पुढची मोटर कितव्या स्पीडला चालू होते ते बघायचं.

एलएमएच हायब्रिडमध्ये मागच्या चाकांना पेट्रोल इंजिन आणि पुढच्या चाकांना २०० किलोवॅटपर्यंतची इलेक्ट्रिक मोटर. म्हणजे तत्त्वतः फोर व्हील ड्राइव्ह. नियमांत डाउनफोर्स (हवेने गाडी खाली दाबणं) आणि ड्रॅगची (हवेचा अडथळा) एक ठरलेली चौकट आहे, त्या चौकटीत बसा म्हणजे झालं, कसे बसता ते तुमचं तुम्ही बघा. प्यूजोवाल्यांनी इथे डोकं लावलं, डाउनफोर्स जर ठरावीकच मिळणार असेल तर तो गाडीच्या तळातून काढू आणि मागची विंगच काढून टाकू. त्याच्या जोडीला चारही टायर सारखे, ३१ सेंटिमीटर रुंद, वजनाची वाटणी पुढे-मागे जवळपास निम्मी-निम्मी. चारही चाकं ओढणार असतील तर चारही टायर सारखे ठेवणं यात चूक काहीच नाही. टोयोटाची जीआर०१० सुद्धा २०२१ च्या सीझनला सारख्याच टायरवर पळाली.

पण प्यूजोने गाडी दाखवली त्याच जुलै २०२१ मध्ये एलएमएच आणि एलएमडीएच एका पातळीवर आणायचे नियम ठरले. एलएमडीएच गाडी फक्त मागच्या चाकांवर चालते आणि तिची हायब्रिड मोटरही जेमतेम ५० किलोवॅटची. त्यामुळे फोर व्हील ड्राइव्हवाल्याला हळू कॉर्नरमधून बाहेर पडताना जो फायदा मिळतो तो काढून घ्यायचा, म्हणून पुढची मोटर ठरावीक स्पीडच्या आत चालूच करायची नाही असं बंधन घट्ट केलं. टोयोटाला २०२१ मध्ये ही मर्यादा १२० किमी होती, २०२२ ला ती १९० वर गेली. त्या बदल्यात टायर मात्र पुढे २९ आणि मागे ३४ सेंटिमीटर घ्यायची मुभा, आणि टोयोटाने ती लगेच घेतली. प्यूजोची गाडी ३१-३१ वरच आखलेली, ती तशीच राहिली, तिला १५० ची मर्यादा मिळाली.

आता हे मोंझाच्या पहिल्या शिकेनवर (लागोपाठच्या उलटसुलट वळणांवर) लावून बघा. तीनशेच्या वरून ब्रेक मारून अगदी दुसऱ्या गिअरपर्यंत खाली यायचं आणि परत ताकद लावायची. तिथून १५० होईपर्यंत पुढची मोटर गप्प. म्हणजे त्या वेळेपुरती गाडी मागच्या चाकांवर चालणारी साधी गाडी, आणि मागचे टायर शेजारच्या टोयोटापेक्षा ३ सेंटिमीटरने बारीक. पुढचे रुंद टायर ज्या कामासाठी घेतले ते काम त्यांना करूच देत नाहीत! १५० ही सूट होती हे खरं, पण मूळ कल्पनेची हवा त्यातच गेली.

तिसरं, ज्या बिघाडात नियमांचा काही संबंध नाही तो वेगळा काढायचा. हे लोक करत नाहीत आणि सगळी खिचडी होते. मोंझाला प्यूजोची ९३ नंबरची गाडी रेस पूर्ण करू शकली नाही, ९४ नंबर पूर्ण करू शकली पण कितीतरी लॅप मागे. हे सगळं दुखणं नव्या गाडीचं, त्यासाठी एफआयएला, म्हणजे नियम करणाऱ्या जागतिक संस्थेला, शिव्या घालू नका. ओळखायचं कसं? निकालातल्या लॅप बाजूला ठेवा, गाडी ट्रॅकवर धड चालत असतानाचे लॅप टाइम काढा आणि तेवढेच दुसऱ्यांशी लावून बघा. गॅरेजमध्ये गेलेला वेळ वजा करा. जे उरतं तो वेग, आणि नियमांची चर्चा फक्त त्यावर करायची. आणखी एक, त्या दिवशी जिंकली कोण तर अल्पाइन, म्हणजे सवलत देऊन चालू ठेवलेली, हायपरकारच्या आधीच्या एलएमपी१ क्लासमधली जुनी गाडी. असल्या मिश्र मैदानात कोण कुठे आलं यावरून नव्या गाडीबद्दल काय कळणार.

चौथं, बीओपीचा कागद. बीओपी म्हणजे बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स, वेगवेगळ्या गाड्या बरोबरीत आणायचे आकडे. प्रत्येक रेसच्या आधी एफआयए हा पीडीएफ काढते, त्यात प्रत्येक गाडीचं किमान वजन, पॉवर, एका स्टिंटला (दोन पिट स्टॉपमधल्या टप्प्याला) मिळणारी एनर्जी मेगाज्यूलमध्ये आणि ती मघाची स्पीडची मर्यादा असं सगळं असतं. एकटा कागद वाचून उपयोग नाही, मागच्या रेसचा शेजारी ठेवा आणि फरक बघा. २०२३ च्या ले मान्सआधी काय झालं ते आठवा, टोयोटाला ३७ किलो वाढवले, फेरारीला २४, कॅडिलॅकला ११, पोर्शला ३ आणि प्यूजोला शून्य. रेस फेरारीने जिंकली, रात्री काही काळ प्यूजोसुद्धा आघाडीवर होती. मग ती गाडी ‘गंडलेली’ होती का? टीमवाल्यांच्या इंटरव्ह्यूतून यावर काही निघेल अशी आशा ठेवू नका, बीओपीवर जाहीर बोलायला त्यांना नियमानेच बंदी आहे, सगळे गुळमुळीत बोलतात.

फेरारी ४९९पी तुलनेला चांगली आहे. तिची पहिली रेस मार्च २०२३, सेब्रिंग, थेट पोल (म्हणजे क्वालिफाइंगमध्ये पहिली) आणि रेसमध्ये तिसरी. इंजिनियर चांगले आहेतच, पण ती गाडी जन्मालाच २९-३४ टायर घेऊन आली, टायर आणि मोटरचा घोळ मिटल्यावर आली. उशिरा येणाऱ्याचा हा फायदा असतो आणि तो हिशोबात धरायलाच हवा. अर्थात तिलाही नियमाचा फटका बसला, त्या वर्षी टायर वॉर्मर बंद केले होते, स्पाला पिटमधून निघालेल्या गाड्या थंड टायरवर घसरून आपटल्या, त्यात एक फेरारीपण होती. मग ले मान्सपुरती टायर गरम करायची परवानगी परत दिली. तेव्हा नव्या गाडीचा पहिलाच स्टिंट बघताना टायर गरम करून लावलेत की थंड, हेही विचारा.

शेवटचं, गाडीचा दुसरा जन्म ओळखायला शिका. प्यूजोने शेवटी हार मानून २९-३४ टायर घेतले आणि एप्रिल २०२४ मध्ये इमोलाला विंगवाली ९एक्स८ आणली. नाव तेच, पण मागचे टायर रुंद झाले की वजन मागे सरकवावं लागतं, वजन सरकलं की डाउनफोर्सही मागे हवा, म्हणून विंग आली आणि बरंचसं बॉडीवर्क नवं झालं. तेव्हा इमोलाचा निकाल आधीच्या निकालांच्या रांगेत लावू नका, ती पुन्हा पहिली रेसच समजा. आणि गंमत बघा, बिनविंगवाली जुनी गाडी तिच्या अगदी शेवटच्या रेसला, मार्च २०२४ मध्ये कतारला, दुसऱ्या नंबरवर पळत होती आणि शेवटाला येऊन इंधनाने दगा दिला.

ले मान्स आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला सुरू होतं. कागद त्याच्या बराच आधी येतो, चहा घेताना दहा मिनिटांत वाचून होतो.