लग्नाच्या केकवर आयसिंगची उठावदार नक्षी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात एप्रिल-मे हा ऐन लग्नसराईचा काळ असतो आणि स्वागतसमारंभाचा केक बहुधा नुसत्या पंख्यांच्या कार्यालयात ठेवलेला असतो. म्हणून कोणती नक्षी काढावी, याआधी ती कशात काढावी हे ठरवावे. व्हिप क्रीम हाताला सोपे असले, तरी उकाड्यात त्याच्या कडा लवकर बसतात. माझ्या मते येथे बटरक्रीमच घ्यावे. तेही तीस-बत्तीस अंशांपुढे ढिले होतेच, तेव्हा केक शक्य तितक्या उशिरा फ्रीजबाहेर काढावा.

खाली दहा आणि वर सहा इंचांचा दुमजली केक बाहेरून झाकण्यासाठी ५०० ग्रॅम बिनमिठाचे बटर आणि १ किलो चाळलेली आयसिंग शुगर साधारण पुरते. घरचे ताजे लोणी कितीही चवदार असले तरी वापरू नये, कारण त्यात उरलेल्या पाण्यात साखर विरघळून मिश्रण सैल पडते. बटर व साखर फेटून झाल्यावर तीन-चार मिनिटे उलथन्याने सावकाश घोटावे. तसे न केल्यास आत राहिलेले हवेचे बुडबुडे दातेरी स्क्रॅपरच्या रेघांमध्ये भोकांसारखे उघडे पडतात.

आधी पातळ थर लावून केकचा चुरा बसवून घ्यावा, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावा आणि मग सुमारे अर्ध्या सेंटिमीटरचा दुसरा थर चढवावा. हा थर मऊ असतानाच खालच्या मजल्यावर दातेरी स्क्रॅपर तिरका टेकवून, हात स्थिर ठेवून, फिरते ताट एका दमात पूर्ण फिरवावे. मध्येच थांबल्यास तेथे जोड दिसतो. दुसरा फेरा देण्यापूर्वी स्क्रॅपर पुसावा.

वरच्या मजल्यासाठी आपल्याकडच्या कसुतीइतका, म्हणजे धारवाडकडच्या पारंपरिक भरतकामाइतका, चांगला नमुना नाही. कसुतीचा टाका कापडाचे धागे मोजून घातला जातो, म्हणून केकवरही आधी मोजमाप हवे: थर गार व घट्ट झाल्यावर पट्टीच्या कडेने पाच-पाच मिलिमीटरचे चौकोन अगदी हलके उमटवावेत आणि बारीक गोल नोझलने त्यांत फुलीसारखे मेंथीचे टाके काढावेत. फुल्यांच्या ओळी जुळल्या की गोपुर, म्हणजे कसुतीतली देवळाच्या शिखराची आकृती, आपोआप उभे राहते. दोन्ही मजल्यांच्या सांध्यावर इरकलीच्या टोप पदरासारखे त्रिकोण काढले तर जोडही झाकला जातो. याहून अधिक काही घालण्याचा मोह आवरावा. तीन-चार प्रकारच्या नक्षी एकत्र आल्या की एकही धड दिसत नाही.

पांढऱ्यावर पांढरी नक्षी केवळ सावलीमुळे दिसते. समोरून पडणाऱ्या फ्लॅशमध्ये ती सपाट होते, म्हणून उठाव दोन-तीन मिलिमीटर तरी ठेवावा आणि केकच्या टेबलावर बाजूने उजेड येईल अशी सोय कार्यालयात आधीच सांगून ठेवावी.

पावसाळ्यातील लग्न असेल, तर थंड केकवर बाहेरच्या दमट हवेतील पाणी धरते आणि गडद रंग ओघळतात. अशा वेळी केक बंद खोक्यातच राहू द्यावा आणि त्याचा गारवा उतरल्यावर खोके उघडावे. प्रवासात एखादी कड दुखावतेच, तेव्हा उरलेले बटरक्रीम नोझलसह पिशवीत भरून, लहान पॅलेट नाईफसोबत गाडीत ठेवावे.